यात्रेची रात्र आणि तमाशाचा फड

चैत्र प्रतिपदेच्या आगेमागे पुण्याहून नाशिकाकडे जाणाऱ्या हमरस्त्याने प्रवास करणाऱ्यास नारायणगावी एक निराळाच बाजार भरलेला दिसतो. ह्या बाजारात धान्य नाही, गुरे नाहीत, कापडचोपड नाही. रस्त्याच्या कडेस कनातींच्या राहुट्या ओळीने उभ्या असतात. प्रत्येकीवर फडमालकाच्या किंवा फडमालकिणीच्या नावाची पाटी व कलावंतांची रंगीत छायाचित्रे, आणि आत एक मेज, एक वही व त्या वहीमागे बसलेला व्यवस्थापक. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर ह्या तालुक्यांतील आणि शेजारच्या अहिल्यानगर व नाशिक जिल्ह्यांतील गावोगावची पंचमंडळी एका राहुटीतून दुसरीत जातात, चहा घेतात, भाव करतात, उठून जातात आणि पुन्हा परततात. अखेरीस विसार हाती पडतो, वहीत तिथी व गावाचे नाव लिहिले जाते, आणि त्या गावच्या यात्रेची सुपारी ठरली असे होते. नारायणगावास तमाशाची पंढरी म्हणतात ते ह्या बाजारामुळे, आणि भाऊ-बापू नारायणगावकरांचा व पुढे विठाबाईंचा फड ह्याच गावच्या नावाने गाजला म्हणून.

हा बाजार फडाच्या सबंध वर्षाचा निकाल लावणारा असतो. दसऱ्यास फड बाहेर पडतो व बुद्धपौर्णिमेच्या सुमारास घरी परततो. पावसाळ्याच्या महिन्यांत उत्पन्न मुळीच नाही. परंतु पुढील हंगामासाठी कलावंत, वादक, स्वयंपाकी, गाडी हाकणारे आणि तंबू उभारणारे ह्या सर्वांस उचल मात्र ह्याच महिन्यांत द्यावी लागते, आणि ती बहुधा कर्ज काढूनच दिली जाते. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे पोसली जातात. हे कर्ज फिटते ते चैत्र-वैशाखातील यात्रांच्या बिदागीवर. चैत्री पौर्णिमा, कालाष्टमी, अक्षय्यतृतीया ह्या तिथींना एकाच दिवशी अनेक गावांच्या यात्रा येतात, म्हणून त्या तिथींचा भाव चढा असतो. मधल्या रित्या तिथीस तोच फड पुष्कळ कमी बिदागीत मिळू शकतो. तेव्हा एखाद्या गावाने यंदा तमाशा नको, दुसरे काही आणू, असे ठरविले, तर त्याचा अर्थ एका रात्रीची करमणूक बदलली एवढाच होत नाही. कोणाच्या तरी वहीतील एक मोलाची तिथी कोरी राहते.

यात्रेत एखादे नवे आकर्षण आले म्हणजे जुन्याचे गिऱ्हाईक तुटते, असा सार्वत्रिक समज आहे. सिनेमा आला तेव्हा तमाशा बुडाला असे म्हणत. दूरदर्शन आले तेव्हाही तसेच म्हटले गेले. वाद्यवृंद आले, नृत्याचे कार्यक्रम आले, प्रत्येक वेळी हेच भाकीत झाले. समज अगदीच खोटा नाही. तथापि तो अर्धा आहे, आणि कोणता अर्धा खरा हे ठरविल्याशिवाय फडाच्या दैन्याचे कारण नीट कळणार नाही.

ह्या प्रश्नाचा पडताळा पाहण्यास एक दूरचे स्थळ उपयोगी पडते. न्यूयॉर्क शहरालगतच्या समुद्रकिनाऱ्यावर कोनी आयलंड नावाची एक चौपाटी आहे. तेथे जॉर्ज टिल्यू नावाच्या गृहस्थाने १८९७ साली कुंपण घालून, प्रवेशमूल्य लावून एक क्रीडोद्यान उघडले; त्यात लोखंडी रुळांवरून धावणाऱ्या लाकडी घोड्यांची शर्यत हे मुख्य नवल होते. दुसऱ्या एका प्रदर्शनात गाजलेली ‘चंद्रावरची सफर’ त्याने १९०२ साली आपल्या बागेत आणविली. परंतु त्या सफरीचे चालक थॉम्पसन व डंडी हे पुढल्याच वर्षी तेथून निघाले, शेजारचीच एक जुनी बाग त्यांनी ताब्यात घेतली आणि लाखो विजेच्या दिव्यांनी झगमगणारे लूना पार्क उभारले. १९०४ साली त्याच्याही वरताण म्हणून तिसरी बाग निघाली, तिचे नाव ड्रीमलँड. एका चौपाटीवर तीन प्रतिस्पर्धी बागा! तिघींपैकी निदान एक तरी लगेच उपाशी मरावयास हवी होती. घडले उलटे. ह्या चढाओढीनेच कोनी आयलंडचे नाव देशभर झाले आणि तीनही बागांस पुरेल एवढी गर्दी तेथे लोटू लागली. १९०७ साली टिल्यूची बाग जळाली, तेव्हा त्या पठ्ठ्याने जळालेले अवशेष पाहण्यासही दहा सेंट आकारले. परंतु नवलाची गोडी टिकविण्यासाठी दरवर्षी नवे नवल उभारावे लागे आणि त्याचा खर्च वाढत जाई. ड्रीमलँड १९११ साली आगीत नाहीशी झाली आणि पुन्हा बांधली गेली नाही; थॉम्पसनचे दिवाळे निघून लूना पार्क त्याच्या हातून गेले. जुनी, साधी, थट्टामस्करीची टिल्यूची बाग मात्र १९६४ पर्यंत चालू राहिली.

अलीकडचाही एक दाखला आहे. अमेरिकेतील ऑर्लँडो शहरी २०१० साली युनिव्हर्सल कंपनीने आपल्या एका बागेत हॅरी पॉटरच्या कथेवरील एक सबंध विभाग उघडला. दोन वर्षांच्या आत त्या बागेची प्रेक्षकसंख्या दीडपटीहून अधिक झाल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. शेजारच्या डिस्ने कंपनीच्या मुख्य बागेची संख्या मात्र त्याच अवधीत नाममात्रच ढळली. म्हणजे नव्या आकर्षणाने आणलेले प्रेक्षक बव्हंशी नवे होते, शेजाऱ्याच्या दारातून ओढलेले नव्हते. महाराष्ट्रातही एस्सेलवर्ल्डच्या मालकांनी १९९८ साली गोराईस त्याच बागेच्या शेजारी वॉटर किंगडम ही जलक्रीडेची बाग काढली, ती पहिलीचे गिऱ्हाईक पळविण्यासाठी खचित नव्हे.

कोनी आयलंडची गोष्ट जुन्नर-आंबेगावच्या यात्रेस जशीच्या तशी मात्र लागू पडत नाही. तेथे तीन बागांचे तीन मालक होते व प्रत्येकाची तिकीटखिडकी वेगळी होती. यात्रेत मालक एकच, तो म्हणजे गाव. खेळणी, पाळणे व मिठाईची दुकाने सोडली, तर यात्रेतील मुख्य आकर्षणे ग्रामस्थांच्या वर्गणीतून ठरविली जातात आणि पाहणाऱ्यास ती फुकट असतात. कोणता खेळ कोणत्या वेळी व्हावा आणि कोणावर किती खर्च व्हावा, हे यात्रा कमिटी ठरविते. तेव्हा येथे चढाओढ दोन गोष्टींसाठी चालते. एक, यात्रेच्या दिवसातील वेळ. दुसरी, वर्गणीची थैली. ही दोन्ही मापे लावून पाहिल्याशिवाय नवे आकर्षण जुन्यास मारक की तारक, हे सांगता येत नाही.

जुनी वेळापत्रके ह्या दृष्टीने फार शहाणपणाने आखलेली असत. पहाटे देवास अभिषेक. सकाळी मांडव-डहाळ्यांची मिरवणूक, हारतुरे, शेरणी. उन्हे चढताच घाटात बैलगाडे. दुपार कलल्यावर कुस्त्यांचा आखाडा. रात्री पालखीचा छबिना व शोभेचे दारूकाम. आणि ते आटोपल्यावर तमाशा, तो उजाडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याच फडाच्या हजेऱ्या होत. ह्या क्रमात कोणीही कोणाच्या वाटेत येत नाही. उलट, एकाने जमविलेली माणसे तो दुसऱ्याच्या हवाली करतो. गाडे पाहण्यास दहा कोसांवरून आलेला मनुष्य कुस्त्यांस थांबतो, कुस्त्या पाहता पाहता दिवस मावळतो, आणि मग घरी परतण्यापेक्षा तमाशा पाहून सकाळी निघालेले बरे असे त्यास वाटते. ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेत श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी पाहण्यास येणारा भाविक आखाड्याच्या कडेसही दिसतो, तो ह्याच न्यायाने.

फिरता सिनेमा ह्या वेळापत्रकात शिरला, तेव्हा प्रथमच रात्रीची वाटणी करावी लागली. तंबूतील चित्रपट अंधार पडल्यावर सुरू होई. परंतु त्याची लांबी ठरलेली. चित्रपट संपला की माणसे मोकळी, आणि तमाशाची तर तेव्हा कोठे गण-गवळण आटोपलेली असे. त्यामुळे एकाच रात्री दोन्ही पाहणारे रसिक पुष्कळ निघत. चित्रपटाने तमाशास आणखीही एक गोष्ट दिली, ती म्हणजे शहरातील प्रतिष्ठा. ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशाप्रधान बोलपट १९५९ साली निघाला व पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात एकशे एकतीस आठवडे चालला. त्या प्रेक्षकांपैकी कित्येकांनी कनातीच्या आत कधीही पाऊल टाकले नसेल. दूरदर्शनाची गोष्ट वेगळी. मुंबईचे केंद्र १९७२ साली सुरू झाले, पुढे खेड्यापाड्यांतून संच पोहोचले, आणि करमणूक घरात आली. ज्याच्या घरी रोज रात्री नाटक-सिनेमा होतो, त्यास वर्षातून एकदा येणाऱ्या यात्रेची तहान पूर्वीइतकी राहत नाही, हे कबूल केले पाहिजे. तरीसुद्धा यात्रेस माणसे येत राहिली. ह्या दोन तालुक्यांतील अगणित कुटुंबे मुंबईस व पुण्यास पोटासाठी गेलेली आहेत. ती वर्षातून एकदा गावी येतात ती यात्रेस, आणि भावकीतील माणसे, मित्र, सोयरे ह्यांची गाठ पडण्याचे तेच ठिकाण असते. पडद्यावर कितीही चांगले दिसले तरी ही गाठ तेथे पडत नाही.

सर्वांत बोधप्रद आहे ती बैलगाड्यांच्या शर्यतीची हकिगत, कारण येथे एक आकर्षण काढून घेतल्यास काय होते ह्याचा प्रयोगच जणू घडून आला. केंद्र सरकारने २०११ साली खेळ व प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालाने ह्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, परंतु उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे गाडे धावू शकले नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मुक्या जनावरांच्या हालाचा प्रश्न गंभीर आहे, आणि चाबूक-काठीस मनाई व पशुवैद्याची तपासणी हे नियम त्यातूनच आले. ते कसोशीने पाळले जावेत हे निराळे सांगावयास नको. येथे विचार गर्दीपुरता आहे.

सात-साडेसात वर्षे घाट ओस राहिले. जुन्नर-आंबेगावकडील गाड्यास चार बैल आणि त्यांच्या पुढे घोडीवरचा स्वार. चढणीच्या घाटातून तो वर पोहोचण्यास दहा-पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही. परंतु त्या काही सेकंदांसाठी गाडामालक, त्याचे भाऊबंद, बैल सांभाळणारे आणि हौसे-नवसे गावोगावहून वाहने भरून येत. ही माणसे येईनाशी झाली. नागापूरच्या थापलिंग गडावर पौष पौर्णिमेस खंडोबाची यात्रा भरते. तेथील गाडे नवसाचे. अशा ठिकाणी गाडे थांबले म्हणजे केवळ खेळ थांबला असे नाही, नवस फेडण्याची रीत खुंटली. रेवडी-भेळवाल्यापासून पाळणेवाल्यापर्यंत सर्वांची एकच तक्रार ऐकू येई की यात्रेची रया गेली. नवे आल्याने जुने मरते हे तत्त्व खरे असते, तर प्रतिस्पर्धी नाहीसा झाल्यावर तमाशाचे दिवस पालटावयास हवे होते. गाडे बंद पडले म्हणून एखाद्या फडमालकाने पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही. दिवसाची माणसेच आली नाहीत, तर रात्रीची कोठून येणार?

मात्र परवानगी मिळाल्यावर जे घडले, त्याने दुसरे माप पुढे आणले. बंदीपूर्वीचा खेळ परतला, पण तो पूर्वीच्या खर्चात परतला नाही. २०२२ च्या मे महिन्यात पुण्याजवळ चिखली येथे झालेल्या शर्यतीत माती उपसण्याचे जेसीबी यंत्र, बोलेरो गाडी, ट्रॅक्टर व मोटारसायकली अशी बक्षिसे लागली. ती शर्यत श्रीमंत नगरीतील होती. परंतु तिचा किस्सा प्रत्येक खेड्यात पोहोचला, आणि शेजारच्या गावाने मोटारसायकल ठेवली तर आपण ढाल देऊन कसे चालेल, हा प्रश्न कमिट्यांपुढे उभा राहिला. तेव्हा दिवसाचे गाडे रात्रीच्या तमाशाची वेळ हिरावून घेत नाहीत, उलट त्यास माणसे पुरवितात, हे जरी खरे असले, तरी बक्षिसांची रक्कम आणि तमाशाची बिदागी एकाच थैलीतून जाते. वर्गणी दुप्पट होत नाही. घाट सजतो, आणि राहुटीत बसलेल्या व्यवस्थापकास सांगितले जाते की यंदा लहानसा फड चालेल.

वेळ आणि थैली ह्या दोन्हींवर हात घालणारे प्रतिस्पर्धी मात्र खरे धोक्याचे. वाद्यवृंद, आणि त्यानंतर आलेले केवळ नृत्याचे कार्यक्रम, हे त्या जातीचे आहेत. ते रात्रीच होतात, आणि त्यांची बिदागीही तशीच लाखांच्या घरात असते. २०२२ पासून गौतमी पाटील ह्यांच्या कार्यक्रमांस लोटणाऱ्या गर्दीची वर्णने वर्तमानपत्रांतून येऊ लागली, आणि तमाशा कलावंतांची नाराजीही त्याबरोबरच प्रकट झाली. एका नर्तकीच्या लोकप्रियतेस दोष देण्यात अर्थ नाही. जो गर्दी खेचतो त्यास गाव बोलावणारच. परंतु हिशेब पाहण्याजोगा आहे. अशा कार्यक्रमास थोडी माणसे व ध्वनिमुद्रित गाणी पुरतात. तमाशास ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, सरदार, नाची-गाणाऱ्या स्त्रिया, वगातील पात्रे, एवढा संसार घेऊन यावे लागते. बिदागी सारखी ठरली, तरी वाटेकरी सारखे नसतात.

त्यातच रात्र आखूड झाली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले, आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकास मनाई आली. वर्षातील मोजक्या दिवशीच सरकार ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. आजाऱ्यांस, विद्यार्थ्यांस व वृद्धांस ह्या नियमाचा उपकारच आहे. परंतु तमाशाचा सर्व घाट पहाटेपर्यंतच्या वेळेवर बेतलेला. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, आणि मग वग, असा तो क्रम. वग म्हणजे एक नाटकच, आणि ते उत्तररात्री रंगावयाचे. पूर्वी सिनेमा आणि तमाशा एकाच रात्रीत बसत, कारण रात्र मोठी होती. आता छबिना आटोपेपर्यंत नऊ वाजतात. दोहोंपैकी एकच काहीतरी होऊ शकते, आणि जे लवकर रंगते ते निवडले जाते.

पराभवाची बातमी सर्व फडांस एकाच वेळी कळत नाही, ही ह्या व्यवसायातील विशेष गोष्ट आहे. तिकीट लावून तंबूत खेळ करणारा फड आणि सुपारी घेऊन यात्रा करणारा फड ह्यांची स्थिती वेगळी. मोठ्या यात्रेत शेजारच्या तंबूत एखादे नवल आले, तर तंबूवाल्या मालकास त्याच रात्री गल्ला पाहून ते समजते. तो दुसऱ्या रात्री काहीतरी बदल करतो, भोंगा फिरवितो, दर उतरवितो. सुपारीवाल्याचे तसे नाही. त्याची बिदागी आधीच ठरलेली. समोर पाचशे माणसे बसली काय किंवा पाच हजार बसली काय, ठरलेली रक्कम त्यास मिळते. पसंती उतरली हे त्यास कळते ते पुढल्या पाडव्यास, जेव्हा नित्याची पंचमंडळी त्याच्या राहुटीवरून पुढे निघून जातात. तोवर नव्या हंगामाची उचल वाटून झालेली असते.

ह्या संकटास फडांनी दिलेले उत्तर अनुकरणाचे आहे, आणि ते फारसे शहाणपणाचे वाटत नाही. सिनेमा आला तेव्हा सिनेमाची गाणी रंगबाजीत आली. वाद्यवृंद आला तेव्हा त्याची वाद्ये व विजेचे झगमगते दिवे आले. आता निव्वळ नृत्याची मागणी आली, तेव्हा रंगबाजी वाढत गेली व वग आखडत गेला. व्यवसायाच्या दृष्टीने ह्यात अपरिहार्यता आहे, परंतु घाताचाही भाग आहे. दिव्यांची स्पर्धा ज्यास अधिक दिवे परवडतात तोच जिंकणार. थॉम्पसनसारख्या कल्पक माणसासही तो खर्च पेलला नाही. आणि केवळ नाच व गाणे हवे असेल, तर गावास ते शंभर माणसांच्या फडाकडून घेण्याचे कारण काय? बतावणीतील हजरजबाबीपणा, गावातल्याच एखाद्या तापल्या विषयावर सोंगाड्याने मारलेला शेरा, आणि वगातील कथा, एवढ्या गोष्टी तमाशाजवळ अशा आहेत की ज्या इतर कोणत्याही कार्यक्रमात मिळत नाहीत. त्यांचीच छाटणी प्रथम होते. सोंगाड्याने तलाठ्याची खोड काढली आणि समोर बसलेला तलाठीच पोट धरून हसला, असली मौज ध्वनिमुद्रित गाण्यावर कशी यावी?

विठाबाई नारायणगावकरांचे मोठेपण ह्या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. १९३५ साली जन्मलेल्या ह्या कलावतीने आपले सबंध आयुष्य सिनेमाच्या भर अमदानीत घालविले. प्रतिस्पर्धी नव्हता असा काळ त्यांस लाभलाच नाही. नृत्यात त्या असामान्य होत्याच. पण गायन आणि वगातील अभिनय ह्यांतही त्या तितक्याच समर्थ होत्या, आणि त्यांच्या नावावर माणसे गाड्या जुंपून येत. १९५७ व १९९० ह्या साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. २००२ साली त्या निवर्तल्या, आणि पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार ठेवला. उत्तर आयुष्यात ह्याच विठाबाईंना हलाखी सोसावी लागली, हेही तितकेच सर्वश्रुत आहे. गर्दी खेचण्याचे सामर्थ्य असणे आणि त्या गर्दीचे मोल पदरात पडणे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुर्बळ झालेल्या धंद्यास एखादा तडाखा किती बसतो, ते २०२० साली दिसले. त्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता, आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. ज्या दिवशी नारायणगावच्या राहुट्यांत सर्वांत अधिक सुपाऱ्या ठरावयाच्या, त्या दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. २०२१ चाही हंगाम तसाच गेला. उचल घेतलेले कलावंत घरी, उचल देणारे मालक कर्जात, आणि यात्रा केवळ पूजेपुरत्या. त्यानंतर राहुट्या पुन्हा उभ्या राहिल्या खऱ्या, परंतु दोन वर्षांचे व्याज त्यांच्या बरोबरच येऊन बसले होते.

काही गावांनी वाटणीचा मार्ग काढला आहे. यात्रा दोन दिवसांची, तर एक रात्र तमाशास व दुसरी अन्य कार्यक्रमास, असे ते करतात. कोठे दुसऱ्या दिवशीच्या हजेऱ्यांस महत्त्व देऊन तमाशाचा काही भाग उजेडी होतो, तेथे दहाची मर्यादा आड येत नाही. हजेरी जुनीच आहे. तिच्यासाठी नवे काही शोधावे लागले नाही. गाड्यांच्या व आखाड्याच्या वेळा सांभाळून तिला दोन तास मोकळे ठेवावे लागले, एवढेच. अशा ठिकाणी बायकामुलेही बसून वग पाहतात. रात्रीच्या खेळास ती बहुधा येत नसत, म्हणजे हा प्रेक्षक कोणाकडून हिसकावून घेतलेला नाही, नवाच मिळालेला आहे.

यात्रेच्या वर्गणीदारांपैकी फार मोठा भाग आज मुंबई-पुण्यास राहतो. फाल्गुनात गावाकडून निरोप येतो, पैसे पाठविले जातात, पावती मिळते. पावतीवर देवाचे नाव, वर्गणीदाराचे नाव आणि रक्कम असते. त्या रकमेतून घाटावर किती, दारूकामावर किती आणि फडास किती, हे पाडव्याच्या आधी एखाद्या संध्याकाळी गावच्या देवळात पंधरा-वीस माणसे बसून ठरवितात, आणि दुसऱ्या सकाळी त्यांतील चौघे नारायणगावची गाडी धरतात.